हरलेल्याने द्यायची शपथ

आदरणीय श्री. वासुदेवराव गावंडे सरांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. भांडण मी एकट्यानंच केलं, सर नुसते ऐकत उभे होते. माझा मळा शाळेच्या मैदानाला लागून आहे. मधे तेव्हा काटेरी कुंपण होतं, तेही जागोजागी दबलेलं. मधल्या सुट्टीत पोरांचा चेंडू माझ्या झेंडूत यायचा आणि चेंडूमागे पोरं यायची. एका दुपारी तुडवलेली झाडं हातात घेऊन मी तसाच शाळेत शिरलो. ओसरीवर एक उंच, बारीक, तरुण सर उभे होते. बार्शीटाकळीच्या रस्त्यावरच्या आमच्या ह्या लहानशा शाळेत ते दर्यापूरकडून नुकतेच आले होते. मला बोलायचं ते सगळं मी बोललो. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. पण ही तक्रार माझ्याकडे नाही, मुख्यमंत्र्यांकडे करावी लागते."

मला वाटलं हा माणूस आपली थट्टा करतो आहे. पण त्यांनी खरोखरच मुख्यमंत्र्यांना बोलावलं. नाकावर घाम आलेला, अर्ध्या चड्डीतला नववीचा एक पोरगा आला. त्याच्यामागे क्रीडामंत्री आला. त्याच्या पायाला माझ्याच मळ्यातला चिखल होता. मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. मुख्यमंत्र्यानं विचार केला आणि विचारलं, "काका, तुमच्या कुंपनाले फाटक हाये का?" मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "मंग आमी सिध्या रस्त्यानं याव कुठून?" माझा हात वर गेला. सर हळूच म्हणाले, "भाऊ, त्यांची शपथ आज सकाळीच झाली आहे. निदान संध्याकाळपर्यंत तरी त्यांना राज्य करू द्या."

शेवटी असं ठरलं की चेंडू आणायला फक्त क्रीडामंत्र्यानं यायचं, विचारून यायचं, आणि मी फाटक बसवायचं. घरी जाताना माझ्या लक्षात आलं, तक्रार घेऊन गेलो होतो, काम घेऊन आलो. ते फाटक अजून आहे. आता त्यातून चेंडू मागायला कोणी येत नाही.

ह्या गौरवग्रंथात सरांचे प्राध्यापक, अधिकारी, डॉक्टर झालेले विद्यार्थी लिहिणार आहेत. मी सातवीपर्यंत शिकलेला माळी माणूस. समितीच्या लोकांनी सांगितलं की एक लेख पालकाचा हवा, आणि पालक संघाचा अध्यक्ष सगळ्यांत जास्त वर्षं तुम्हीच होता. होतो, कारण दुसरं कोणी होत नव्हतं. लिहायला बसलो तेव्हापासून जिवाला घोर आहे. काही उलटसुलट लिहिलं जाईल, सरांना वाईट वाटेल, संस्थेला राग येईल आणि तो शिक्षकांवर निघेल, असं सगळं मनात येत राहतं. आनंदाच्या प्रसंगी आनंदाचं लिहावं हे मला कळतं. पण शाळेचं आज जे चाललं आहे ते बाजूला ठेवून सरांबद्दल लिहून पाहिलं, तर ओळ पुढे सरकत नाही.

सरकारी कागदात सरांचं काम गणित आणि भूगोल असं असेल. गावाला विचाराल तर सरांचं काम म्हणजे मंत्रिमंडळ. आता सगळ्याच शाळांत मंत्रिमंडळ असतं. मोबाईलवर मतदानाचं यंत्र काढतात, बोटाला स्केचपेनची शाई लावतात, फोटो पेपरात येतो. महिन्याभरानं मुख्यमंत्री कोण हे शिक्षकांनाही आठवत नाही. सरांच्या शाळेत तसं नव्हतं. पाणीमंत्री झालेली पोरगी खरंच टाकीत डोकावून बघायची आणि टाकी धुतल्याशिवाय नळ उघडू द्यायची नाही. खिचडीमंत्री पहिला घास खाऊन मग घंटा वाजवायला हात करायचा. एका वर्षीच्या खिचडीमंत्र्यानं तांदळातले खडे रुमालात बांधून मुख्याध्यापकांच्या टेबलावर नेऊन ठेवले. शिपायानं दरडावलं तेव्हा म्हणाला, "जेवन हाये आमचं. साहेबाईनंही चाखून पाहावं." त्या दिवशी सर भूगोलाच्या तासाला बराच वेळ खिडकीकडे तोंड करून उभे होते, त्यांचे खांदे हलत होते, असं माझ्या मुलानं घरी येऊन सांगितलं.

शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या आधी मंत्रिमंडळाची बैठक व्हायची. तिथे ठरलेला प्रश्न मुख्यमंत्र्यानं ओसरीवरच्या फळ्यावर लिहायचा आणि मुख्याध्यापकांनी त्याखाली उत्तर लिहायचं. उत्तर येईपर्यंत तो फळा कोणी पुसायचा नाही. हा सरांनी घालून दिलेला नियम. मुख्याध्यापक बदलत गेले. काही तापट आले, काही देवमाणसं आली, पण नियम सगळ्यांनी पाळला, कारण फळा समोरच होता आणि पोरांना न्यायला येणारे आम्ही सगळे तो वाचत होतो. 'मुलींच्या मुतारीला दार केव्हा लागेल?' हा प्रश्न मी स्वतः वाचलेला आहे. दार लागलं. दार लागेपर्यंत गावातल्या बायाही तो प्रश्न वाचायला येत होत्या.

पण सरांची खरी रीत शपथेची. आमच्या शाळेत निवडून आलेल्याला शपथ मुख्याध्यापक देत नाहीत, पाहुणेही देत नाहीत. जो हरला तोच देतो, आणि हारही तोच घालतो. ही रीत कशी पडली ते तेव्हाच्या पालकांना माहीत आहे. सरांच्या सुरुवातीच्या काळात एका निवडणुकीत पाटलांचा पोरगा हरला आणि शेतमजुराचा जिंकला. हरलेल्याच्या बाजूची पोरं वर्गात बसेनात, कडुनिंबाखाली जाऊन बसायची. मोठी माणसंही त्यात पडायला लागली. सर निंबाखाली गेले आणि हरलेल्या पोराला म्हणाले, तू नाही म्हणालास तर तो मुख्यमंत्री होणार नाही, शपथ तुझ्याच हातात ठेवली आहे. पोरगा गोंधळला. काय म्हणायचं, असं त्यानं विचारलं. सरांनी तिथेच शपथ तयार केली. हरलेल्यानं म्हणायचं, "मी तुला मुख्यमंत्री मानतो. तू चुकलास तर मी विचारीन." आणि जिंकलेल्यानं म्हणायचं, "तू विचारलंस तर मी उत्तर देईन." बस, एवढीच शपथ. त्यात देवाचं नाव नाही, देशाचं नाही. पण ती घेताना भल्याभल्या पोरांचा आवाज कापताना मी ऐकला आहे. दरवर्षीचा तो हार माझ्या मळ्यातल्या फुलांचा असायचा, म्हणून मला ओसरीवर उभं राहायला मिळायचं.

सरांचे माझ्यावर वैयक्तिक उपकार पुष्कळ आहेत. सगळे लिहीत नाही, एक लिहितो. माझी घरची अकोल्याला सरकारी दवाखान्यात होती. डॉक्टर यायचे, कागदावर लिहायचे, निघून जायचे. मी त्यांच्यामागे दारापर्यंत जायचो आणि तोंड उघडत नव्हतं. सर तेव्हा निवृत्त होऊन मुलाकडे अमरावतीला राहायला गेले होते. ते बसनं अकोल्याला आले, दिवसभर माझ्याजवळ बाकावर बसले. मी म्हटलं, सर, तुम्ही विचारा ना डॉक्टरांना, तुमचं ऐकतील. सर म्हणाले, "मी विचारलं तर ते मला सांगतील, महादेवराव. तुम्हाला सांगायला हवं ना?" त्यांनी मला दोन वाक्यं नीट जुळवून दिली, माझ्याकडून म्हणवून घेतली, आणि डॉक्टर आले तेव्हा ते नुसते माझ्या शेजारी उभे राहिले. मी विचारलं. डॉक्टर थांबले, आणि त्यांनी खरं ते सांगितलं.

विचारल्यानं ती वाचली नाही. पण तिला घरी आणायचं हे मला ठरवता आलं, आणि शेवटचे दिवस ती मळ्याकडच्या खोलीत होती. तिथून शाळेची घंटा ऐकू येते. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

आता शाळेबद्दल. ज्यांना शाळा सोडून पुष्कळ वर्षं झाली त्यांच्या डोळ्यांसमोर जुनी शाळा असेल. ती आता तशी राहिलेली नाही. ज्यांच्या हातात थोडं आहे त्यांची पोरं सकाळीच पिवळ्या गाडीत बसून अकोल्याच्या कॉन्व्हेंटला जातात. राहिलेल्यांत बऱ्याचशा मुली. मुलग्यासाठी गाडी, मुलीसाठी गावातली शाळा, हे आमच्याकडे कोणी बोलून दाखवत नाही, पण वर्गात डोकावलं की दिसतं. मैदानावर गाजरगवत आहे. क्रीडामंत्र्याला राखायला मैदान राहिलं नाही. गेल्या वर्षीपासून कुजबूज सुरू आहे की पुढच्या वर्षी नववी-दहावी इथं राहणार नाही, अकोला रस्त्यावरच्या मोठ्या शाळेत जोडणार. संस्थेला विचारावं तर म्हणतात मुख्याध्यापकांना विचारा. मुख्याध्यापक म्हणतात मला वरून काही आलेलं नाही. ते चांदूर रेल्वेचे, भले गृहस्थ आहेत. वर्ग तुटले तर तेच अतिरिक्त ठरतील, मग त्यांनी कोणाकडे बघावं?

माझी नात सानिका नववीत आहे. तिचे वडील पुण्याला कंपनीत आहेत, ती आणि तिची आई माझ्याजवळ असतात. मुलानं फोनवर स्पष्ट सांगून टाकलं आहे की दहावी गावात नसली तर पोरीला रोज जीपमध्ये कोंबून पाठवायचं नाही. त्याचंही चूक म्हणवत नाही. त्या जीपा मी बघतो. दारात लटकलेल्या माणसांचे पाय रस्त्याला लागायचे बाकी असतात. दुसऱ्या मुलींच्या घरी तर एवढंही बोलणं झालेलं नाही. तिथं शाळा सुटणार हे नुसतं ठरलेलं आहे. सानिका हे सगळं ऐकत होती. एक दिवस जेवताना म्हणाली, "आबाजी, मी मुख्यमंत्री होतो आन् फळ्यावर लिहितो, दहावी राहीन का नाई म्हणून. मंग त्याईले उत्तर द्याच लागन."

ती उभी राहिली. दुसरं कोणी उभं राहिलं नाही. मुख्याध्यापकांना बरं वाटलं. त्यांनी रंगीत खडूनं 'बिनविरोध निवड' असं लिहिलं, समारंभाला सरांना अमरावतीहून बोलावलं, आणि मी हार केला. नातीचाच म्हणून जरा भरगच्च केला. सर आले. गुडघे आता साथ देत नाहीत, ओसरीच्या पायऱ्या त्यांनी एकेक करून, खांबाला धरून चढल्या. खुर्चीवर बसले, पाणी प्यायले आणि विचारलं, हरलं कोण?

मुख्याध्यापक म्हणाले, "सर, बिनविरोध झाली. एकटीच होती."

"मग शपथ कोण देणार?"

"तुमीच द्या ना सर. तुमच्यापेक्षा मोठं कोन आहे इथं?"

"मी कुठं हरलो?" सर म्हणाले. "मी तर उभाच नव्हतो."

सगळे हसले. सर हसले नाहीत. ते उठले आणि त्या गुडघ्यांनी वर्गावर्गात गेले. प्रत्येक वर्गात त्यांनी विचारलं, सानिकाच्या विरुद्ध कोण उभं राहतं? पोरं एकमेकांकडे बघायला लागली. आठवीतला एक पोरगा उठून आदबीनं म्हणाला, "सर, हारण्यासाठी कोन उभं राहीन?" आमच्या वेळच्या पोरांनी असं म्हटलं असतं तर सरांनी त्यावर तासभर बोलून दाखवलं असतं. त्या दिवशी ते नुसते पुढच्या वर्गाकडे वळले. परत ओसरीवर येऊन म्हणाले की पुढच्या शनिवारी येतो, तोवर कोणी मिळालं तर बघा. हार तसाच टेबलावर राहिला.

मला राग आला होता हे लिहितो. सरांना फाट्यावर बसला सोडायला गेलो तेव्हा मी बोललो. म्हटलं, सर, तुमच्या नियमापायी पोरीचा प्रश्न राहून जाईल. उद्या वर्ग बंद झाले तर नियमाला काय करायचं? सर माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "महादेवराव, एकटीनं विचारला तर तो तुमच्या नातीचा हट्ट होतो. ज्यांनी तिला मत दिलं नाही त्यांच्याही वतीनं विचारला, तरच तो शाळेचा प्रश्न होतो. एवढं एकच मला येतं, तेही तुम्ही सोडायला सांगता?" बस आली. मी त्यांना हात देऊन चढवलं. आमच्या इतक्या वर्षांच्या संबंधात निरोप न घेता परतलो तो तेवढाच दिवस.

सानिकानं माझ्याइतका विचार केला नाही. तिनं आपली मैत्रीण पायल हिला उभी राहा म्हणून गाठलं. पायल तिच्याच वर्गात आहे. तिची आई लोकांच्या शेतात निंदणाला जाते, वडील नाहीत. पोरगी फार कमी बोलते. तिच्या आईला हे काही पसंत नव्हतं, निवडणुकीबिवडणुकीत आपलं काय काम, असं ती म्हणत होती. सानिकानं तिला समजावलं, आणि ते मी कुंपणापलीकडून ऐकलं. "भेता काहून वो काकू? पायल हारतेच. मी हावो ना."

मतदान झालं. सरांच्या काळचा पत्र्याचा डबा कपाटातून काढला होता. अमरावतीहून सर पुन्हा आले होते, आणि चिठ्ठ्या त्यांनीच उघडल्या. थोड्याच वेळात त्यांच्या दोन्ही बाजूंना पडणाऱ्या चिठ्ठ्यांकडे बघून सगळ्यांच्या लक्षात आलं. पायल निवडून आली होती.

कसं झालं ते नंतर कळलं. पाचवी-सहावीच्या लहान पोरींना रस्ता ओलांडून घरी सोडायचं काम पायल करत होती. तिला ते कोणी सांगितलेलं नव्हतं. माझी सानिका हुशार आहे, पण प्रार्थनेच्या रांगेत त्याच पोरींवर खेकसायची. लहानग्यांनी एकजात पायलला मत दिलं. पायललाच त्याचं सगळ्यांत जास्त आश्चर्य वाटलं. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि सानिकाकडे बघून मान हलवत राहिली, म्हणजे मी नाही केलं हे.

मी सरांकडे बघितलं. त्यांनाही हे असं होईल हे ठाऊक नसावं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "हरलं कोण?"

सानिका पुढे आली. तिच्यासाठी केलेला हार तिनं उचलला आणि पायलच्या गळ्यात घातला. म्हणाली, "मी तुला मुख्यमंत्री मानते. तू चुकलीस तर मी विचारीन." आणि थांबली. मला वाटलं आता रडेल. रडली नाही. पायलचा आवाज आम्हाला ऐकूच आला नाही, नुसते ओठ दिसले. सर म्हणाले, "मुख्यमंत्री, तिच्यापर्यंत पोचलं पाहिजे." तेव्हा पायल मोठ्यानं म्हणाली, "तू विचारलंस तर मी उत्तर देईन." ओसरीवरच्या सगळ्यांत लहान पोरींनी टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर सानिका जेवली नाही. तिच्या आईनं सरांना बोल लावले, मीही मनातून लावले. पण सकाळी सानिका माझ्या फाटकातून मैदानात गेली आणि पायलला गाठून विचारलं, शनिवारी तू विचारशील ना? पायलनं मान हलवली. आणि शनिवारी तिनं विचारलं. हे लिहिताना मला कोणाचा कमीपणा दाखवायचा नाही, पण खरं सांगतो, सानिकाच्या अक्षरापेक्षा पायलचं अक्षर मोठं आणि वेडंवाकडं आहे. तिनं फळाभर लिहिलं. 'आमची दहावी इथं राहणार का नाही?' सानिकाला दहावी गेली तर जीप नाही, पण वडिलांची पुण्याची खोली तरी आहे. पायलला ती गेली तर दुसऱ्या दिवसापासून शेत आहे, आणि मग तिच्या मामाच्या मनात येईल तेव्हा लग्न. म्हणून मला आता वाटतं की प्रश्न योग्य हातानं लिहिला गेला. पण असं वाटून उपयोग काय?

मुख्याध्यापक फळ्याजवळ आले, खडू हातात घेतला, आणि तसाच परत ठेवला. पायलकडे बघून म्हणाले, "बेटा, मले मालूम असतं तं लिवलं असतं." ते खोटं बोलत नव्हते.

तो प्रश्न अजून फळ्यावर आहे. मग शाळा तपासायला माणसं आली, त्यांनी वाचला आणि ती रजिस्टरं बघायला आत गेली. संस्थेचे एक गृहस्थ आले, त्यांनीही वाचला आणि शिपायाला विचारलं की फळा का पुसत नाही. शिपायानं सांगितलं, गावंडे सरांचा नियम आहे. ते म्हणाले, गावंडे सर रिटायर होऊन किती वर्षं झाली? खडू हवेनं फिका होतो, पोरांच्या पाठी घासून जातो. म्हणून दर सोमवारी प्रार्थनेआधी पायल तीच अक्षरं पुन्हा गिरवते. सानिका तिला स्टूल धरून देते. गावातली माणसं आता तो वाचायला थांबत नाहीत. सवय झाली आहे.

मी सरांना फोन केला. त्यांची तब्येत विचारली. मुलाच्या घरी तिसऱ्या मजल्यावर राहतात, जिना उतरणं हल्ली होत नाही, तरी गौरवाच्या समारंभाला येणार म्हणाले. मग मी म्हटलं, सर, उत्तर काही येत नाही.

"येणार नाही, महादेवराव," सर म्हणाले. "पण पुसू देऊ नका."

मी इतकी वर्षं सरांना ओळखतो. निकाल खराब लागला, शिक्षक कमी झाले, पोरं गळाली, तरी होईल, करू, बघू, हेच त्यांच्या तोंडी असायचं. येणार नाही, असं ते कधी म्हणाले नव्हते. त्यांनी ते म्हटल्यापासून माझं मन कशात लागत नाही. ज्या माणसाच्या भरवशावर आम्ही सगळे उभे होतो, त्यालाही समोर काही दिसत नाही, हे कळल्यावर आमच्यासारख्यांनी कुठं बघायचं? आणि तरी ते म्हणतात पुसू देऊ नका. मी ह्या लेखात सरांच्या गुणांचं वर्णन करायला बसलो होतो. मला वाटतं ते सगळे गुण ह्या एका वाक्यात आहेत.

गौरवाचा समारंभ त्याच ओसरीवर आहे. फुलांची आरास माझ्याकडे दिली आहे. मांडववाला येऊन माप घेऊन गेला. म्हणाला, सरांच्या फोटोचं मोठं बॅनर फळ्यावर बरोबर बसते, मागचं सगळं झाकून जाईन. मुख्याध्यापक जवळच होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि खाली बघितलं. मी मांडववाल्याला सांगितलं, बॅनर बाजूच्या दोन खांबांना बांध. फळ्याच्या चौकटीला चारही बाजूंनी झेंडूची माळ मी लावणार आहे. आतली अक्षरं मोकळी राहतील. आलेल्या पाहुण्यांनी सरांना हार घालताना समोर तीच बघावीत. त्याबद्दल कोणाला राग आला तर तो माझ्यावर काढावा, शिक्षकांवर नाही.

सरांसाठी माझं मागणं एकच आहे. पायलच्या प्रश्नाखाली उत्तर लिहिलं जाईपर्यंत त्यांनी जगावं. ते उत्तर दुरून वाचता येईल एवढी त्यांची नजर राहावी, आणि ओसरीच्या पायऱ्या चढता येतील एवढे गुडघे. वरून उत्तरं यायला किती वेळ लागतो ते मी ह्या वयापर्यंत पाहत आलो आहे. देवानं माझं हे मागणं शब्दाला शब्द पाळलं, तर सरांना शंभरी ओलांडावी लागेल, आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षं थांबावं लागेल.